खेळाचें यंत्र घराच्या बैठकीचें केंद्र होईल काय?

घर म्हटलें कीं त्यांत एक जागा अशी असावयाचीच, जेथें घरांतील लहानथोर माणसें दिवसांतून एकदां तरी एकत्र येतात. परभणी जिल्ह्यांतील जुन्या माळवदी वाड्यांत हें काम ढाळज करीत असे. पुढें वाडे मोडून घरें झालीं, घरांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या, आणि ढाळजेचें काम बैठकीच्या खोलीकडे आलें. या जागेचा एक अलिखित नियम आहे. तेथें जी वस्तु मध्यभागीं ठेवली जाते, तिच्याभोंवतीं घराची संध्याकाळ फिरूं लागते. एके काळीं हा मान रेडिओस होता. नंतर तो दूरचित्रवाणीच्या संचाकडे गेला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आणखी एका यंत्रानें या मानावर वारंवार हक्क सांगितला आहे. तें यंत्र म्हणजे व्हिडिओ गेमचा कन्सोल. मुलांचें खेळणें म्हणून घरांत शिरलेल्या या यंत्राची आकांक्षा मोठी आहे. चित्रपट, गाणीं, क्रिकेटचे सामने, बातम्या, हें सर्व घराला आपल्याच द्वारा मिळावें असें त्याच्या निर्मात्यांस वाटतें. ही आकांक्षा सफळ होण्याजोगी आहे काय, आणि नसल्यास कां नाहीं, याचा येथें विचार कर्तव्य आहे.

प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा दिसतो. परंतु त्यांत घराचे दोन ठेवे गुंतलेले आहेत. एक पैशाचा, आणि दुसरा, त्याहून मोलाचा, घरांतील माणसांनीं एकमेकांच्या सहवासांत घालविलेल्या वेळाचा. चाळीस-पन्नास हजार रुपयांची वस्तु "सर्वांच्या उपयोगाची" म्हणून आणावी, आणि वर्ष उलटण्यापूर्वींच ती एकट्या मुलाची होऊन बसावी, असें झालें तर दोन्ही ठेव्यांना एकदमच ओहोटी लागते. म्हणून यंत्र घेणाऱ्यानें त्याच्या जाहिरातींतील वचनांपेक्षां त्याचा स्वभाव अगोदर ओळखला पाहिजे.

कन्सोल हा वस्तुतः एक संगणकच आहे. मात्र तो एका कामासाठीं घडविलेला संगणक आहे. त्याच्या पोटांत हिशेब करणारी एक चिप, चित्रें रंगविणारी दुसरी चिप, स्मरणाचा सांठा आणि खेळ ठेवण्याची सोय असते. त्याला स्वतःचा पडदा नसतो. तो एका तारेनें घरांतील टीव्हीस जोडावयाचा, आणि हातांत बटणांची मूठ धरून खेळ चालवावयाचा. खेळांतील चित्र आणि चित्रपटांतील चित्र यांत एक महत्त्वाचा भेद आहे. चित्रपटाचें चित्र आधींच तयार असतें. यंत्रानें तें केवळ उलगडून दाखवावयाचें असतें. खेळाचें चित्र मात्र खेळणाऱ्याच्या अंगठ्याच्या हालचालीप्रमाणें सेकंदास तीस किंवा साठ वेळां नव्यानें काढावें लागतें. हें अवघड काम ज्याला जमतें त्याला चित्रपट दाखविणें म्हणजे हातचा मळ. तेव्हां कन्सोल घराचें सर्व मनोरंजन पुरवूं शकेल काय, या प्रश्नास यंत्राच्या शक्तीपुरतें उत्तर सोपें आहे. शकेल, आणि शकतोहि. अडचण शक्तीची नाहीं.

निर्मात्यांना या मानाची एवढी हांव कां, हेंहि समजून घेतलें पाहिजे. कन्सोलच्या धंद्याची रीत इतर वस्तूंपेक्षां निराळी आहे. मूळ यंत्र पुष्कळदां अल्प नफ्यावर, आणि प्रारंभीं कधीं कधीं तोटा सोसूनहि विकतात. मग त्यावर चालणाऱ्या प्रत्येक खेळाच्या विक्रींतून कंपनीला वांटा मिळत राहतो. किटली स्वस्त द्यावी आणि चहा मात्र आपल्याच दुकानचा घ्यावयास लावावा, त्यांतलाच हा प्रकार. आतां खेळणारा घरांत एकटा मुलगाच असेल तर चहाचा खप मर्यादित राहणार. परंतु आईचा चित्रपट, वडिलांच्या बातम्या आणि आजोबांचीं भजनें हीं सर्व त्याच किटलींतून ओतलीं जाऊं लागलीं, तर खपास सीमा राहत नाहीं. बैठकीच्या मध्यभागीं बसण्याची धडपड या हिशेबांतून निघालेली आहे.

ही धडपड जुनी आहे. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें १९८३ सालीं जें यंत्र बाजारांत आणलें त्याचें नांवच "फॅमिली कॉम्प्युटर", म्हणजे कुटुंबाचा संगणक, असें होतें. त्याचाच संक्षेप फॅमिकॉम. १९८८ मध्यें त्याच कंपनीनें या यंत्राला टेलिफोनची तार जोडून घरबसल्या शेअरांची खरेदीविक्री करण्याची सोयहि काढून पाहिली. परंतु लोकांनीं खेळ तेवढा घेतला आणि बाकीचें नाकारलें. १९९१ सालीं हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें सीडी-आय नांवाचें यंत्र काढलें. तें ज्ञानकोश, चित्रें, संगीत आणि खेळ अशा सर्व गोष्टी एका तबकडीवरून दाखवीत असे. महाग असल्यानें ज्याला खेळ पाहिजे होता त्यानें तें घेतलें नाहीं, आणि ज्याला ज्ञानकोश पाहिजे होता त्यानेंहि घेतलें नाहीं.

खरें यश एकदांच मिळालें, आणि त्याचें कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ४ मार्च २००० रोजीं सोनी कंपनीनें जपानांत प्लेस्टेशन २ विक्रीस काढलें. त्याची किंमत ३९,८०० येन होती, आणि त्यावर डीव्हीडी तबकडीचे चित्रपटहि दिसत. त्या वेळीं चित्रपट दाखविणारें स्वतंत्र डीव्हीडी यंत्रहि महागच होतें. त्यामुळें एका पैशांत दोन वस्तु आल्या असें गृहस्थास वाटलें. पुढें जगभर या यंत्राचे १६ कोटी नग खपले. परंतु ही सवलत उसनी होती. थोड्याच वर्षांत डीव्हीडी यंत्रें अगदीं स्वस्त झालीं आणि कन्सोलनें चित्रपट दाखविणें ही नवलाची गोष्ट राहिली नाहीं. सोनीनें मात्र यावरून निराळाच धडा घेतला. १३ डिसेंबर २००३ रोजीं तिनें पीएसएक्स नांवाचें यंत्र काढलें. त्यांत प्लेस्टेशन २ होतेंच. शिवाय टीव्हीवरील कार्यक्रम सांठवून ठेवण्याची सोय होती. किंमत ७९,८०० येनांपासून पुढें. हें यंत्र जपानाबाहेर कधीं गेलेंच नाहीं. तेथेंहि त्याला गिऱ्हाईक बेताचेंच मिळालें.

सर्वांत मोठा प्रयत्न मायक्रोसॉफ्ट कंपनीचा. २१ मे २०१३ रोजीं तिनें आपल्या नव्या यंत्राची घोषणा केली आणि त्याचें नांवच "एक्सबॉक्स वन" ठेवलें. जणूं घरांत दुसऱ्या यंत्राची गरजच उरणार नाहीं. केबलचा डबा या यंत्रास जोडावयाचा, तोंडानें आज्ञा द्यावयाची आणि वाहिनी बदलावयाची, अशी ती योजना होती. आज्ञा ऐकण्यासाठीं आणि बैठकींत कोण बसलें आहे तें पाहण्यासाठीं किनेक्ट नांवाचा कॅमेरा बरोबरच सक्तीनें दिला होता. घोषणेच्या समारंभांत टीव्हीची चर्चा इतकी झाली कीं खेळाचे भोक्ते रुसले. आणि घरांत सदैव कान टवकारून बसलेला कॅमेरा पाहून इतरांच्या मनांतहि किंतु आला. अमेरिकेंत यंत्राची किंमत ४९९ डॉलर होती. सोनीचें प्लेस्टेशन ४ मात्र ३९९ डॉलरांस मिळत होतें. दुसऱ्याच वर्षीं किनेक्टची सक्ती काढून घ्यावी लागली. २०१६ मध्यें टीव्हीचे कार्यक्रम सांठविण्याची योजना बाजूस ठेवली गेली. आणि २०१७ मध्यें किनेक्टचें उत्पादनहि थांबलें. प्रतिस्पर्ध्याचीं यंत्रें आपल्या दुपटीहून अधिक खपलीं, हें कंपनीनेंच २०२२ सालीं सरकारी चौकशींतील कागदपत्रांत नमूद केलें.

या कथेंत एक गोष्ट विशेष बोलकी आहे. एक्सबॉक्स वनच्या घोषणेनंतर दोनच महिन्यांनीं, जुलै २०१३ मध्यें, गूगल कंपनीनें क्रोमकास्ट नांवाचा बोटभर लांबीचा तुकडा ३५ डॉलरांस विकण्यास सुरुवात केली. तो टीव्हीच्या मागें खुपसला कीं मोबाइलवरचा चित्रपट मोठ्या पडद्यावर येई. भारतांत एक्सबॉक्स वन सप्टेंबर २०१४ मध्यें ३९,९९० रुपयांपासून पुढें आणि क्रोमकास्ट त्याच वर्षाच्या डिसेंबरांत २,९९९ रुपयांस आला. जें काम तीन हजारांत होतें त्यासाठीं कोणी चाळीस हजार देणार नाहीं. हा व्यवहार समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. शिवाय चित्रपट पाहण्यापुरतें यंत्र चालू ठेवलें तरी कन्सोलला त्या तुकड्यापेक्षां कित्येक पट वीज लागते.

आतां याच्या उलट उदाहरण पाहण्यासारखें आहे. निन्टेन्डोनें २००६ सालीं वी नांवाचें यंत्र काढलें. शक्तीनें तें आपल्या स्पर्धकांपुढें लहानच. त्यावर डीव्हीडीचा चित्रपटसुद्धां दिसत नसे. परंतु त्याची मूठ टीव्हीच्या रिमोटसारखी होती. ती हातांत धरून टेनिसची रॅकेट फिरविल्यासारखा हात फिरविला कीं पडद्यावर चेंडू टोलवला जाई. बटणांची विद्या शिकावी लागत नसे. आजी आणि नात एकाच वेळीं खेळूं शकत, आणि बाजूला बसलेलीं माणसें हंसत. या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग खपले. पुढें २०१२ मध्यें त्याच कंपनीनें वी यू हें यंत्र काढलें आणि त्यावर टीव्ही पाहण्याची व्यवस्था पुरविण्याची सोय जोडली. ती सोय अमेरिकेंत २०१५ सालीं बंद झाली आणि तें यंत्र दीड कोटीहि खपलें नाहीं. एकच कंपनी, एकाच दशकांतील दोन यंत्रें. जें सर्व कांहीं दाखवूं म्हणालें तें पडलें. ज्यानें सर्वांना खेळावयास बसविलें तें चाललें.

हा झाला परदेशचा इतिहास. तो परभणीच्या घरास कितपत लागू पडतो, हें पाहावयाचें तर येथील बैठकीच्या मध्यभागीं आजवर कोण कसें येऊन बसलें तें आठवलें पाहिजे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या वेळीं रेडिओ ही थोड्याच घरांतील वस्तु होती. रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, आणि त्याची वार्षिक रक्कम टपालकचेरींत भरावी लागे. १९६८ सालीं परभणीस आकाशवाणीचें केंद्र झालें. १९७२ मध्यें येथेंच मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. पेरणी, कीड, हवामान, बाजारभाव, सुगम संगीत आणि बातम्या, हें सर्व एका लहानशा पेटींतून ठरलेल्या वेळीं येऊं लागलें. या पेटीस वीज नसली तरी चाले. सेल घातले कीं पुरे. तिला एकच खुंटी आवाजाची आणि एक केंद्र लावण्याची. जिंतूरच्या आजीबाईला आणि मानवतच्या आडत्याला ती सारखीच वापरतां येई.

नंतर दूरदर्शन आलें. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं "रामायण" मालिका दाखविली गेली. त्या वेळीं ज्याच्या घरीं संच असे त्याची बैठक गल्लीची बैठक होई. चपलांचा ढीग दारांत पडे, आणि रस्ते ओस पडत. १९९२ नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या. ३१ डिसेंबर २०१५ ही देशांतील सर्व शहरांसाठीं डिजिटल केबलची शेवटची मुदत ठरली, आणि त्यापायीं प्रत्येक संचाखालीं सेट-टॉप बॉक्स नांवाचा डबा आला. ग्रामीण भागांत दूरदर्शनची विनामूल्य डीटीएच सेवाहि लोकांनीं घेतली. तिला महिन्याचें भाडें नाहीं. म्हणजे टीव्हीशेजारीं बसून सर्व करमणूक वांटणारा डबा परभणीच्या घरांत आला खरा. परंतु तो खेळाचा नव्हता. तो स्वस्त होता, एका रिमोटवर चालत होता, आणि सर्वांचा होता.

खेळाचें यंत्रहि या जिल्ह्यास अगदींच अपरिचित राहिलें असें नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत "समुराई" व "लिटल मास्टर" या नांवांचीं यंत्रें देशभर विकलीं जात. तीं वस्तुतः फॅमिकॉमच्याच धर्तीचीं होतीं. लहान गांवांतून व्हिडिओ गेमचीं दुकानें निघालीं. शाळकरी पोरें तेथें ठराविक पैसे देऊन मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत. खेळाच्या पट्टीला "कॅसेट" म्हणत आणि मुठीला "रिमोट". सुट्टींत हीं यंत्रें भाड्यानेंहि घरीं आणलीं जात, आणि दोन दिवस घराचा टीव्ही मुलांच्या ताब्यांत जाई. मात्र रामायण लागण्याच्या वेळेप्रमाणें घरानें त्या यंत्राची वाट कधीं पाहिली नाहीं. उलट बातम्यांची वेळ झाली कीं पोरांनीं तार काढून ठेवावी, असा शिरस्ता राहिला. पाहुणा म्हणून त्याचें स्वागत झालें. यजमानपण त्याला कोणी दिलें नाहीं.

त्यानंतर परदेशी कंपन्यांनीं येथील घरासाठीं प्रयत्न केले नाहींत असेंहि नाहीं. सोनीनें २००९ सालीं "देसी अड्डा" नांवाचा खेळ प्लेस्टेशन २ साठीं काढला. त्यांत कबड्डी, विटी-दांडू असे आपले खेळ होते. परंतु मूळ अडचणी निराळ्या होत्या. पहिली विजेची. २००५ नंतरच्या कित्येक वर्षांत राज्यांत विजेचा तुटवडा असतांना परभणीसारख्या जिल्ह्यांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. अर्ध्या खेळांत वीज गेली तर सर्व कमाई बुडे. दुसरी किंमतीची. २ फेब्रुवारी २०२१ रोजीं प्लेस्टेशन ५ भारतांत ४९,९९० रुपयांस आलें. त्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. म्हणजे सोयाबीन पिकविणाऱ्या या जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें सुमारें १३ क्विंटल माल विकावा तेव्हां एक यंत्र यावें. खेळांचे पैसे आणखी निराळे. शहरांतील नोकरदारास हा हिशेब इतका जड वाटणार नाहीं. तथापि एवढ्या पैशांत मोठा टीव्ही आणि त्याबरोबर वर्षभराची वाहिन्यांची वर्गणी येते, हें तोहि जाणतो.

तिसरी अडचण हाताची आणि भाषेची. कन्सोलच्या मुठीवर पंधरा-सोळा बटणें आणि दोन फिरत्या खुंट्या असतात. ती तरुण बोटांना सुखकर. परंतु ज्या आजोबांना केवळ सातच्या बातम्या पाहावयाच्या आहेत त्यांना ती मूठ म्हणजे कोडेंच. यंत्रावरील सूचना बहुधा इंग्रजींत. प्रत्येकाचें निराळें खातें, त्याचा सांकेतिक शब्द, यंत्र सुरू होतांच "नवी आवृत्ति येत आहे, थांबा" अशी आज्ञा. यामुळें घरांत एक नवाच अधिकारी निर्माण होतो, आणि तो म्हणजे यंत्र जाणणारा मुलगा. आईला चित्रपट पाहावयाचा तर मुलाला हांक मारावी लागते. ज्या वस्तूसाठीं दुसऱ्याची विनवणी करावी लागते ती वस्तु घराची होत नाहीं. ती त्या दुसऱ्याचीच राहते.

इतक्यांत मोबाइल आला, आणि त्यानें प्रश्नच बदलून टाकला. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें, आणि ज्या घरांत कन्सोल कधीं आला नव्हता त्या घरांतहि खेळ आला. पबजी हा खेळ २०१८ सालीं मोबाइलवर आला तेव्हां गंगाखेड असो कीं मुंबई, मुलांच्या तोंडीं तोच विषय झाला. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें त्यावर बंदी घातली ती बातमी गांवोगांवीं चर्चेची ठरली. कन्सोलला जें तीस वर्षांत साधलें नाहीं तें हातभर नव्हे, वीतभर पडद्यानें साधलें. परंतु त्यानें बैठकीचें केंद्र जिंकलें नाहीं. त्यानें केंद्रच मोडलें. आतां खोलींत चार माणसें बसलेलीं असतात, टीव्ही चालू असतो, आणि चौघांच्या माना चार निरनिराळ्या पडद्यांवर वांकलेल्या असतात.

येथें या सर्व प्रकरणाचें मर्म हातीं लागतें. रेडिओ आणि दूरदर्शन हीं घराचीं केंद्रें कां झालीं? त्यांच्यांत पुष्कळ शक्ति होती म्हणून नव्हे. उलट त्यांच्याजवळ देण्यास थोडेंच होतें, आणि तें ठरलेल्या वेळीं एकदांच मिळत असे. शेतीचा कार्यक्रम चुकला तर चुकला. रामायणाचा भाग हुकला तर दुसऱ्यानें सांगावा. या टंचाईमुळें माणसें एका वेळीं एका ठिकाणीं येत. घड्याळानें जमविलेली ती सभा होती. यंत्र केवळ तिचें निमित्त होतें. कन्सोलचे निर्माते नेमकें याच्या उलट वचन देतात: पाहिजे तें, पाहिजे तेव्हां, ज्याला पाहिजे त्याला. परंतु जें केव्हांहि मिळतें त्यासाठीं कोणी एका वेळीं जमत नाहीं. सर्व कांहीं देऊं पाहणारें यंत्र ज्या केंद्राचा मान मागतें तें केंद्र त्याच्या देणगीमुळेंच विरघळतें. हा दोष कन्सोलचा एकट्याचा नाहीं. परंतु कन्सोलच्या आकांक्षेला तो मारक आहे.

२०२० सालच्या टाळेबंदींत याची परीक्षाच झाली. हातोहातीं मोबाइल असतांना आणि चित्रपटांचीं भांडारें उघडीं असतांना, २८ मार्चपासून दूरदर्शननें "रामायण" पुन्हां दाखविलें आणि घरेंच्या घरें पुन्हां एका पडद्यासमोर बसलीं. जुलै महिन्यांत सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" ही शाळकरी मुलांसाठींची मालिका सुरू झाली. इयत्तेची वेळ ठरलेली, म्हणून मूल वेळेवर पडद्यासमोर बसे आणि जवळ आई किंवा आजी बसे. यंत्र जुनेंच होतें. ठरलेली वेळ तेवढी परत आली होती.

यावर कोणी म्हणेल कीं पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत कन्सोलवरच चित्रपट पाहतात. तें खरें आहे, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. यंत्र घरांत असेल तर त्याचा हाहि उपयोग करून घ्यावा. परंतु तेवढ्यानें तें केंद्र होत नाहीं. शिवाय काळाचा ओघहि उलट आहे. २०२२ सालीं मायक्रोसॉफ्टनेंच आपले खेळ कांहीं देशांत सॅमसंगच्या टीव्हीवर, कन्सोलवांचून, इंटरनेटद्वारा खेळतां येतील अशी सोय केली. टीव्हीनें कन्सोलच्या पोटांत जावें अशी जिची नऊ वर्षांपूर्वींची योजना होती, तिनेंच आपला खेळ टीव्हीच्या पोटांत पाठविला. आजचा टीव्ही स्वतःच एक संगणक झाला आहे; त्याच्यापुढें आणखी एका कारभाऱ्याची गरज उरलेली नाहीं.

तर मग निर्णय काय? सर्व करमणुकीचें केंद्र म्हणून कन्सोल यशस्वी होणार नाहीं. परभणींत नाहीं, आणि जेथें वीज, पैसा व इंटरनेट मुबलक आहे तेथेंहि फारसा झालेला नाहीं. चित्रपट आणि बातम्या पुरविण्यांत त्याच्याहून स्वस्त आणि सोपीं साधनें सदैव पुढें राहतील. परंतु एक गुण त्याच्या ठिकाणीं असा आहे कीं जो मोबाइलमध्यें नाहीं आणि आतां टीव्हींतहि क्वचितच राहिला आहे. दोन, तीन किंवा चार माणसांनीं एका पडद्यासमोर, एकाच वेळीं, एकमेकांच्या शेजारीं बसून खेळावयाचा खेळ तो देऊं शकतो. अशा खेळाला दुसरा माणूस त्याच क्षणीं तेथें असावा लागतो. तो मागाहून पाहून भागत नाहीं. पत्त्यांचा डाव, सोंगट्यांचा पट आणि कॅरम यांच्या कुळांतील हा गुण आहे. निर्माते ज्या गुणाला बालिश समजून झांकूं पाहतात, तोच या यंत्राचा बैठकींत बसण्याचा एकमेव खरा अधिकार होय.

म्हणून ज्या गृहस्थाच्या मनांत असें यंत्र घ्यावयाचें आहे, त्यानें दुकानांत "यावर काय काय दिसतें?" असें न विचारतां तीन प्रश्न विचारावेत. यावर दोघांहून अधिकांनीं एकत्र खेळावयाचे कोणते खेळ आहेत? बरोबर मुठी किती मिळतात, आणि आणखी एकीला किती पैसे पडतात? आणि घरांतील जें सर्वांत वडील माणूस आहे त्याला यांतला निदान एक खेळ न शिकवतां खेळतां येईल काय? उत्तरें समाधानकारक नसतील तर तीं पैशांची नासाडी होय, असें समजून परत यावें. समाधानकारक असतील तर यंत्र खुशाल आणावें. परंतु तें मुलाच्या खोलींत न ठेवतां बैठकींत ठेवावें, आणि त्याची एक वेळ ठरवावी. शनिवारची रात्र म्हणा, रविवारची दुपार म्हणा. त्या वेळेस मोबाइल कपाटांत आणि सर्व माणसें सतरंजीवर. ही वेळ ठरविण्याचें काम कोणतीहि कंपनी करणार नाहीं, कारण त्यांत तिला नफा नाहीं. तें घरच्या वडीलधाऱ्यांनाच करावें लागेल, आणि त्याला एक रुपयाहि पडत नाहीं.